जुन्या गाडीला कोणतं कूलंट?

प्रश्न : वडिलांची १९८४ सालची गाडी आता माझ्याकडे आली आहे. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं आणि रेडिएटर जुना, तांब्या-पितळेचा. गाडीबरोबरचं पुस्तक सापडत नाही. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत मातकट हिरवं पाणी दिसलं. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. दुकानात हिरवं, निळं, लाल, नारिंगी, गुलाबी अशी पाच रंगांची कूलंट मांडलेली असतात. एक जण म्हणतो, नारिंगी घ्या, पाच वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो, जुन्या गाडीला साधं पाणीच बरं. मी काय घालू?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात, ती म्हणजे रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे. मी या धंद्यात आलो तो रेडिएटर दुरुस्तीला. पहिली सहा वर्षं दिवसभर डाख लावायचा, एवढंच काम. त्यामुळे कूलंटचा विषय निघाला की माझं लक्ष आधी सांध्यांकडे जातं. तुमच्या रेडिएटरच्या पितळी नळ्यांची टोकं वरच्या आणि खालच्या टाकीच्या पत्र्यात बसवलेली आहेत आणि प्रत्येक टोक शिसं-कथलाच्या डाखाने जोडलेलं आहे. असे कितीतरी बारीक सांधे आहेत. कूलंट निवडायचं ते या सांध्यांकडे आणि वरच्या ॲल्युमिनियमच्या हेडकडे बघून.

थेट उत्तर आधी देतो. जुन्या पद्धतीचं, सिलिकेट असलेलं, एथिलीन ग्लायकॉलचं कूलंट घ्या. डब्यावर ‘आयएटी’ किंवा ‘कन्व्हेन्शनल’ लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते हिरवं किंवा निळं असतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालो न चालो.

आता रंगाचं. कूलंटचा रंग म्हणजे त्यात घातलेला रंग, बाकी काही नाही. गळती दिसावी आणि डबे ओळखता यावेत म्हणून तो घालतात. कोणत्या रसायनाला कोणता रंग, असा सगळ्यांना बांधणारा नियम नाही. टोयोटाचं जुनं लाल कूलंट आणि फोक्सवॅगनचं लाल जी-१२ शेजारी शेजारी ठेवली तर नवखा माणूस एकच समजेल. पण टोयोटाच्या कूलंटमध्ये फॉस्फेट आहे आणि जी-१२मध्ये ते मुद्दाम टाळलेलं आहे. म्हणून डबा उलटा करून मागचा बारीक मजकूर वाचायचा. जे लिहिलेलं नाही ते विचारायचं, आणि उत्तर मिळालं नाही तर तो डबा ठेवून द्यायचा.

साध्या पाण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं. ते ब्लॉकच्या पोटात गोठलं की बिडाला तडा जातो, आणि बिडाचा तडा नीट सांधणं फार अवघड काम आहे. थंडी नसली तरी साधं पाणी नकोच. एकाच पाण्यात बीड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ आणि शिसं बुडवून ठेवलं की ते सगळं मिळून एक बॅटरीच होते आणि त्यात पहिला बळी ॲल्युमिनियमचा जातो. थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे वाट देणाऱ्या झडपेची, तोटी काढल्यावर हेडच्या तोंडाशी कुरतडल्यासारखे खड्डे दिसतात ना, ते असेच पडलेले असतात. मग तिथे गॅसकेट बसत नाही आणि हेड घासून घ्यावं लागतं.

कूलंटमधला ग्लायकॉल गोठण्यापासून वाचवतो आणि उकळबिंदू वर नेतो. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि उघड्यावर ते साधारण १०७ अंशांना उकळतं. पण धातू वाचवायचं काम ग्लायकॉलचं नाही. उलट वर्षानुवर्षं तापून तापून ग्लायकॉलचंच आम्ल बनत जातं. धातू वाचवतात ती थोड्या प्रमाणात मिसळलेली गंजरोधक रसायनं, आणि कूलंटच्या जाती पडतात त्या याच रसायनांवरून.

जुन्या पद्धतीत सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट यांसारखे क्षार असतात. सिलिकेट चटकन सगळ्या धातूवर पातळ थर धरतं. ॲल्युमिनियमला याचा मोठा आधार. फॉस्फेट आणि बोरेट आम्ल आटोक्यात ठेवतात. तांब्या-पितळेसाठी वेगळी रसायनं असतात. यातली वाईट गोष्ट एकच, हे क्षार थर धरता धरता आणि आम्ल मारता मारता संपून जातात. म्हणून दोन वर्षं.

नारिंगी कूलंट जनरल मोटर्सने १९९६च्या मॉडेलांपासून कारखान्यातच भरायला सुरुवात केली. ते ‘ओएटी’, म्हणजे सेंद्रिय आम्लांवर चालणारं. ही आम्लं सगळीकडे थर धरत नाहीत, जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतात. त्यामुळे ती हळू संपतात आणि कूलंट पाच वर्षं टिकतं. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला प्लास्टिकच्या टाक्या लावलेल्या गाडीत मी स्वतः तेच भरतो, आणि आनंदाने भरतो. पण या सेंद्रिय आम्लांना शिशाचा डाख मानवत नाही. अशा गाडीचा रेडिएटर उघडला की नळ्यांच्या तोंडाभोवती पांढुरकी, फुगलेली पूड दिसते. टोचणीने खरवडली तर खाली डाख अर्धा खाल्लेला असतो. पूड सुटून नळ्यांत जाते, नळ्या चोंदतात. मालक सांगतो गाडी तापते, आणि बाहेरून रेडिएटर चकचकीत! यातली काही आम्लं जुन्या सिलिकॉनच्या सीललाही मऊ करतात. ‘पाच वर्षं बघायला नको’ हे तुमच्या गाडीसाठी वचन म्हणून घेऊ नका. जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये महिन्याला एकदा डोकावायलाच हवं.

दोन्हींच्या मधली एक जात आहे, ‘एचओएटी’, म्हणजे सेंद्रिय आम्लं आणि थोडे जुने क्षार एकत्र. युरोपातले कारखाने त्यात सिलिकेट घालतात आणि फॉस्फेट टाळतात, कारण कठीण पाण्यात फॉस्फेटचा साका बसतो. जपानचे कारखाने बरोबर उलटं करतात. वॉटर पंपाच्या सीलच्या काळजीने ते सिलिकेट टाळतात आणि फॉस्फेट वापरतात. दोघांचीही गणितं आपापल्या इंजिनांपुरती बरोबर आहेत. नव्वदच्या दशकातल्या गाडीसाठी मला कोणी विचारलं तर मी आधी गाडी कुठल्या कारखान्यातली हे विचारतो, ते यासाठी. तुमची गाडी त्याआधीची आहे, तुम्हाला या फाट्यावर जायची गरज नाही.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यानंतर माझी कामाची पद्धत बदलली. वीसेक वर्षांपूर्वी एक गृहस्थ अशीच जुनी, नीट राखलेली गाडी घेऊन आले. आत हिरवं कूलंट होतं, जेमतेम लिटरभर कमी. त्यांना जास्त टिकणारं हवं होतं. मी फ्लशिंग न करता वर नारिंगी भरून दिलं. घाई होती, आणि तोवर वाईट अनुभव आला नव्हता. आठ महिन्यांनी हिवाळ्यात गाडी परत आली. हीटर गरम होत नाही, चढावर काटा लालकडे जातो. खालचा होज पाइप सोडला तर पाणी धावून आलंच नाही. आधी तपकिरी, ओल्या शाडूसारखा गोळा घसरून परातीत पडला, मग त्यामागून थोडं पाणी आलं. हीटरच्या बारीक नळ्या त्याच चिखलाने बंद झाल्या होत्या. साफ करायला मला चार दिवस लागले आणि हीटरचा कोअर तरीही वाचला नाही. चूक माझी होती, मी तसं सांगितलं आणि कोअर माझ्याकडून बदलून दिला. हिरवं-नारिंगी मिसळलं की दर वेळी असा चिखल होतोच असं नाही. पुष्कळदा नुसतं दोन्हींचं आयुष्य घटतं. पण कोणत्या गाडीत काय होईल हे आधी कळत नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या जी-११मध्ये लाल जी-१२ मिसळलं की तपकिरी गाळ व्हायचा, आणि पुढे मिसळलं तरी चालेल असं जी-१२ प्लस त्यांना आणावं लागलं.

म्हणून तुमच्या गाडीचं खरं काम डबा विकत घेण्याआधीचं आहे. आत आत्ता काय आहे हे कोणालाच माहीत नाही. ते सगळं काढा.

इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडून भाजलेले हात मी फार पाहिले आहेत. हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हीटरमधलं जुनं पाणी तिथेच राहतं. खालची तोटी उघडा आणि निघेल ते मापाच्या बादलीत घ्या. पुस्तक नसल्यामुळे तुमची क्षमता तुम्हाला अशीच कळणार आहे. नुसत्या तोटीने साधारण निम्मंच बाहेर येतं. उरलेलं ब्लॉकमध्ये असतं आणि त्यासाठी ब्लॉकच्या बाजूला एक बोल्ट असतो. हा बोल्ट सोडला तरी कित्येकदा थेंबही येत नाही. तेव्हा ‘रिकामा झाला’ असं समजू नका. भोकात वाकवलेली तार घाला आणि हलकेच ढोसा. आत गंज आणि ओतकामातली वाळू घट्ट बसलेली असते. ती फुटली की आधी काळपट चिखल येतो आणि मग धार सुटते. मागच्या सिलिंडरभोवती हा थर बोटभर जाड साचलेला मी पाहिला आहे, आणि ते सिलिंडर का तापतं हे त्या क्षणी कळतं.

मग सगळं बंद करून डिस्टिल्ड पाणी भरा, थर्मोस्टॅट आपोआप उघडून वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा. तुमच्या वर्णनावरून तीन-चार फेऱ्या लागतील. सफाईचं जहाल रसायन पहिल्याच फटक्यात ओतू नका. गंजाने बुजलेली भोकं त्याने एकदम उघडी पडतात.

भरताना एक चूक सर्रास होते. धुऊन झाल्यावर ब्लॉकमध्ये पाणी राहिलेलंच असतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. समजा एकूण क्षमता सात लिटर निघाली, तर आधी साडेतीन लिटर अस्सल, न मिसळलेलं कूलंट ओता आणि मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. जास्तीचं साठवायला वेगळी टाकी नसेल तर रेडिएटर काठोकाठ भरू नका, तोंडाखाली दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर झाकण बदला, पण त्यावर कोरलेला दाबाचा आकडा जुन्याइतकाच हवा. जास्त दाबाचं झाकण लावलं तर उकळबिंदू वाढतो खरा, पण तो दाब चाळीस वर्षं जुन्या डाखावर येतो.

दोन-तीन दिवस चालवल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे मिश्रण किती अंशांना गोठेल हे दाखवणाऱ्या मीटरने, मिश्रण तपासून घ्या. आकडा उणे ३०च्या पलीकडे असला की निर्धास्त राहा.

प्रश्न : इतकी वर्षं साध्या पाण्यावर चालणाऱ्या माझ्या गाडीत कूलंट घातलं आणि पंधरा दिवसांत दोन ठिकाणी गळायला लागलं. कूलंटने रेडिएटर खाल्ला का?

उत्तर : पंधरा दिवसांत नाही. भोकं आधीचीच होती. पाण्यात होती तोवर गंज आणि क्षार त्यांच्यात बूच होऊन बसले होते. कूलंट धातूला जास्त चिकटून पसरतं, बारीक फटीतून सहज पाझरतं आणि जुना साका सैल करतं. ते काढून पुन्हा पाण्यावर येऊ नका, तसं केलं तर भोकं आतून मोठी होत जातील आणि एक दिवस रस्त्यात फुटतील. रंगीत ओघळ वाळला की डाग राहतो, त्यावरून जागा शोधा. होजच्या पट्ट्या आधी आवळा. दुसरी नेहमीची जागा ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे गोल बूच. ते पोलादी असतात आणि आतून गंजत येतात. एक गळत असेल तर सगळेच बदलून घ्या, बाकीचेही त्याच वयाचे आहेत. गळती बुजवायची पूड घालू नका. तिला भोक आणि हीटरची नळी यातला फरक कळत नाही.

प्रश्न : थंडी कडक आहे म्हणून पाणी न मिसळता नुसतं अस्सल कूलंट भरलं. आता गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. असं का?

उत्तर : कारण उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. तेवढ्याच वजनाचा शुद्ध ग्लायकॉल पाण्याच्या जेमतेम सहा दशांश उष्णता धरतो, शिवाय घट्ट असल्यामुळे पंपाला ढकलायला जड जातो. आणि गोठण्याचं म्हणाल, तर शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतो. पाणी मिसळल्यावरच तो उणे ३७पर्यंत जातो. तुम्ही थंडीसाठी केलं आणि थंडीतच उघडे पडलात. निम्मं काढून डिस्टिल्ड पाणी भरा. फारच कडक थंडीत साठ टक्के कूलंट चालेल, त्यापुढे नको. बॅटरीत घालतात ते डिमिनरलाइज्ड पाणीही चालतं. पिण्याच्या पाण्याचं यंत्र मात्र सगळे क्षार काढत नाही, त्यावर विसंबू नका.

प्रश्न : माझी जुनी गाडी वर्षाला पाचशे किलोमीटरही चालत नाही. तरी दोन वर्षांनी कूलंट बदलायचं?

उत्तर : हो. उभ्या गाडीतही धातू कूलंटमध्येच बुडालेले असतात. मनाचं समाधान हवं असेल तर मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद आणि थंड असताना एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावा, दुसरं रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवा, धातूला टेकवू नका. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३च्या वर गेलं तर गंजरोधक संपत आले आहेत असं मी धरतो आणि दोन वर्षांची वाट बघत नाही.

प्रश्न : काढलेलं कूलंट अंगणात ओतलं तर चालेल का? घरात कुत्रा आहे.

उत्तर : अजिबात नाही, गटारातही नाही. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतो, त्यामुळे कुत्री-मांजरं आणि लहान मुलं तो चाटतात, आणि थोड्याशानेही मूत्रपिंडं निकामी होतात. प्राणी आधी झिंगल्यासारखा चालतो, मग थोडा सावरल्यासारखा वाटतो, आणि तोवर आत नुकसान सुरू झालेलं असतं. चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे न्या आणि कूलंटचा डबा सोबत घ्या. उपाय आहे, पण तो पहिल्या काही तासांतच लागू पडतो. मूल असेल तर थेट रुग्णालयात. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं कूलंट बरंच कमी विषारी असतं आणि घरात प्राणी असतील तर तो चांगला पर्याय आहे. तेही घेताना गंजरोधक जुन्या पद्धतीचे आहेत ना ते बघा, आणि तपासायचं मीटर प्रॉपिलीनसाठीच्या खुणा असलेलं वापरा, नाहीतर आकडा चुकतो. जुनं कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि जुनं तेल घेणाऱ्या ठिकाणी द्या, पण तेलात मिसळू नका. आणि काम करताना परात भरलेली ठेवून, फोन आला म्हणून पाच मिनिटांसाठीही आत जाऊ नका. आधी परात कॅनमध्ये रिकामी करा, फरशी पाण्याने धुऊन फडक्याने पुसून घ्या, मग फोन घ्या.